चल रेषा (यी चिंग)

चल रेषा : ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आधारे भविष्य पाहताना जी सहा रेषांची आकृती मिळते, तीतील विरुद्ध रूपात पालटणारी रेषा. प्रत्येक रेषा अखंड (यांग) किंवा मधोमध तुटलेली (यिन) असते आणि अशा सहा रेषा खालून वर मांडल्या असता एकूण 64 आकृत्या संभवतात. एका रानटी वनस्पतीच्या 50 वाळक्या काड्यांपैकी एक बाजूला ठेवून उरलेल्या 49 काड्या तीनदा विभागून मोजल्या की 6, 7, 8 किंवा 9 ही संख्या येते. 7 व 8 यांच्या रेषा स्थिर, तर 9 ची यांग आणि 6 ची यिन रेषा परमावधीला पोचल्याने पालटणारी मानतात. पुढे तीन नाण्यांची सोपी रीत आली. तीत चल रेषांचे एकूण प्रमाण पूर्वीप्रमाणेच एक-चतुर्थांश राहिले, मात्र काड्यांच्या रीतीत 9 येण्याची शक्यता 6 च्या तिप्पट होती, ती समान झाली.

सातारा-सांगली भागात ग्रामदैवताला कौल लावताना मूर्तीवर चिकटवलेले फूल उजवीकडे पडले तर होकार व डावीकडे पडले तर नकार समजतात, त्यामुळे अर्थ लावणाऱ्याला वाव थोडाच उरतो. यी चिंगमध्ये मात्र मूळ आकृती, चल रेषेचे वचन आणि पालटून होणारी दुसरी आकृती यांचा मेळ घालावा लागतो. खरे कौशल्य आणि खरा वादही तेथेच आहे. चिनी तत्त्वज्ञ चू शी (1130–1200) याने त्यासाठी नियम बांधले : एकच रेषा चल असेल तर तिचे वचन, दोन असतील तर दोन्हींची पण वरचीला प्राधान्य, तीन असतील तर दोन्ही आकृत्यांची मुख्य वचने, आणि त्याहून अधिक असतील तर भर दुसऱ्या आकृतीवर. हे नियम सुटसुटीत असले, तरी चू शीच्याही दीड हजारांहून अधिक वर्षे आधीच्या कौलांच्या नोंदींवर ते लादणे योग्य नाही.

त्या नोंदी ‘त्सो च्वान’ या इतिवृत्तात आहेत. इ. स. पू. 530 मध्ये लू राज्यातील नान क्वाय या अधिकाऱ्याने, आपल्या धन्याविरुद्ध बंड करण्याचा बेत मनात ठेवून, कौल पाहिला. ‘खुन’ या आकृतीची पाचवी रेषा पालटून ‘पी’ ही आकृती झाली आणि रेषेचे वचन अत्यंत शुभ निघाले. त्याने ते ज्या जाणकाराला दाखवले त्याने मात्र, हे फळ निष्ठेच्या कार्यालाच लागू पडते, एरवी काम फसेल, असे बजावले. नान क्वायने बंड केले, ते फसले आणि इ. स. पू. 528 मध्ये त्याला शेजारच्या छी राज्यात पळून जावे लागले.