सायकल चालवताना कोणती पॅन्ट घालावी?

प्रतिनिधी

नवी सायकल घेताना गिअर किती, ब्रेक कोणते, फ्रेम पोलादाची की अॅल्युमिनियमची याची चौकशी तासन् तास चालते. कमरेखाली कोणता कपडा घालायचा, हा प्रश्न मात्र गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही काढत नाही. परिणाम लवकरच दिसू लागतो. रविवारी मोठ्या उत्साहाने पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलेला नवखा सायकलस्वार सोमवारी कार्यालयातील खुर्चीवर नीट बसू शकत नाही. मांड्यांच्या आतील बाजूची कातडी सोलवटलेली असते. दोष सीटला दिला जातो, तिच्यावर जेलचे जाड कव्हर चढवले जाते आणि महिन्याभरात सायकल गॅलरीत धूळ खात उभी राहते. अनेकदा यातला खरा दोष चुकीच्या पॅन्टचा असतो.

त्रास कशामुळे होतो?

सायकल चालवताना पाय मिनिटाला ७० ते ८० वेळा फिरतात, म्हणजे तासाला चार ते पाच हजार वेळा. तेवढ्याच वेळा मांडीची आतील बाजू सीटच्या टोकाला घासते. शरीराचे वजन कंबरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर, म्हणजेच बसण्याच्या हाडांवर येते. त्यात घामाची भर पडली की ओली कातडी मऊ होते आणि कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलली जाते. दाब, घर्षण आणि ओलावा ही तीन कारणे एकत्र आली की प्रथम लाली, मग पुरळ आणि दुर्लक्ष केल्यास गळू असा क्रम सुरू होतो. चांगल्या पोशाखाचे काम या तिन्ही गोष्टी कमी करणे एवढेच आहे. त्यामुळे कपडा निवडताना तीन प्रश्न विचारावेत : अंतर किती, ओलावा किती आणि गारठा किती?

जवळच्या अंतरासाठी

बाजारापर्यंत, स्टेशनपर्यंत किंवा पाच-सहा किलोमीटरवरील कार्यालयापर्यंत जायचे असेल, तर खास पोशाखाची गरज नाही. नेहमीची सैलसर, हलक्या कापडाची पॅन्ट पुरेशी असते. मात्र जीन्स शक्यतो टाळावी. जीन्सचे कापड गुडघ्यावर ताणले जाते आणि तिच्या चार जाड शिवणी नेमक्या सीटवर टेकणाऱ्या जागी एकत्र येतात. अर्ध्या तासानंतर ही गाठ टोचू लागते. पावसात भिजलेली जीन्स जड होते आणि दिवसभर वाळत नाही.

सायकलची चेन उजव्या बाजूला असते, म्हणून उजवी तुमान सांभाळणे महत्त्वाचे. पूर्वी पोस्टमनपासून प्राध्यापकांपर्यंत सारेच पॅन्टला क्लिप लावत किंवा तुमान मोज्यात खोचत. ही सवय जुनाट वाटली तरी सोडण्यासारखी नाही. चेनमध्ये अडकलेले कापड सायकलस्वाराला भर रहदारीत खाली आणू शकते. हल्ली मिळणारे वेल्क्रोचे चमकदार पट्टे तुमानही बांधतात आणि रात्री मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या नजरेसही पडतात. पाय वर-खाली होत असल्याने घोट्यावरील हा हलता पट्टा पाठीवरील स्थिर पट्ट्यापेक्षा चटकन लक्ष वेधून घेतो.

सलवार-कमीज घालून सायकल चालवणाऱ्या महिलांनी चेनकव्हर असलेली सायकल घेणे हिताचे. पटियाला किंवा घेरदार सलवारीपेक्षा चुडीदार किंवा लेगिंग्ज सोयीची. ओढणी मागे लोंबू न देता कमरेला घट्ट बांधावी किंवा पिशवीत ठेवावी, कारण मागील चाकात ओढणी अडकल्यास गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

पॅडच्या शॉर्ट्स कशासाठी?

अंतर पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे गेले, की पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्ट्सचे मोल कळते. एकेकाळी सायकलपटू लोकरी शॉर्ट्स वापरत आणि त्यात आतून मऊ कातड्याचे अस्तर शिवलेले असे. धुतल्यावर हे कातडे कडक होई, म्हणून त्याला मलम चोळावे लागे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीचे रसायनतज्ज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा कृत्रिम धागा तयार केला. तोच पुढे लायक्रा या नावाने जगभर पोहोचला. आता कातड्याची जागा कृत्रिम कापड आणि फोमच्या पॅडने घेतली आहे.

या शॉर्ट्सचा तंगपणा काहींना दिखाऊ वाटतो, पण त्यामागे कारण आहे. कपडा अंगाला चिकटून राहिला की तो कातडीबरोबर हलतो. घर्षण मग कपडा आणि सीट यांच्यात होते, कातडी वाचते. सैल कपडा गोळा होतो आणि त्याच्या चुण्या कातडीला घासतात. याच कारणासाठी पॅडच्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते. नवखे सायकलस्वार संकोचापोटी हमखास हीच चूक करतात. सुती अंतर्वस्त्राच्या शिवणी आणि त्यात साठलेला घाम पॅडचा सारा उपयोग घालवतात.

पॅड जितके जाड तितके चांगले, हाही गैरसमज आहे. फार मऊ पॅडमध्ये बसण्याची हाडे रुतून बसतात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. तेथील नस दाबली गेल्यास बधिरता येते. पॅड बोटांनी दाबून पाहावे. ते दबले पाहिजे, पण बोट सीटपर्यंत पोहोचल्यासारखे वाटता कामा नये. महिलांमध्ये बसण्याच्या हाडांमधील अंतर सर्वसाधारणपणे अधिक असते. त्यांच्यासाठीचे पॅड मागे रुंद असते, म्हणून घरातील पुरुषाची शॉर्ट्स वापरून काम भागवू नये.

खांद्यावरून पट्टे असलेल्या शॉर्ट्सना बिब म्हणतात. त्यांना कमरेला इलॅस्टिक नसते, त्यामुळे वाकून बसल्यावर पोट आवळले जात नाही आणि पॅड जागचे हलत नाही. लांबच्या प्रवासात अनेक जण बिबला पसंती देतात. स्वच्छतागृह वापरताना मात्र वरचा शर्ट काढावा लागतो. आपल्याकडील महामार्गांवरील स्वच्छतागृहांची अवस्था पाहता महिलांना साधी शॉर्ट्स किंवा पट्टे सुटणारी बिब अधिक सोयीची ठरते.

तंग कपड्यात रस्त्यावर चहाला थांबणे ज्यांना अवघड वाटते, त्यांनी वरून हलकी सैल हाफपॅन्ट किंवा ट्रॅकपॅन्ट घालावी. पॅन्टच्या आत घालायची पातळ पॅडची शॉर्ट्सही मिळते. कार्यालयात सायकलने जाणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. पोहोचल्यावर ती तेवढी बदलायची.

उन्हाळ्यात

सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. घरात बसलेल्या माणसाला सुती कपडा सुखद वाटतो तो याच गुणामुळे, आणि घामाने निथळणाऱ्या सायकलस्वाराला तो नकोसा होतो तोही याच गुणामुळे. उन्हाळ्यात पातळ, जाळीदार विणीचा कृत्रिम कपडा घाम पसरवतो आणि तो वाऱ्याने लवकर उडून जातो. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पहाटेच सायकल चालवणे शहाणपणाचे. उन्हात जावेच लागले तर उघड्या पायांवर फिकट रंगाचे पातळ पायमोजे, म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतचे स्लीव्ह चढवावेत. कातडी भाजत नाही आणि घाम वाळत राहतो.

मुंबई-कोकणातील दमट हवेत घाम वाळतच नाही. तेथे ऊन बेताचे असले तरी दर दीड-दोन तासांनी सीटवरून उतरून पाच मिनिटे चालावे. चढावर अधूनमधून पॅडलवर उभे राहिल्यानेही दाब सुटतो.

पावसाळ्यात

ताम्हिणी, माळशेज, लोणावळा ही पावसाळ्यातील सायकलस्वारांची लाडकी ठिकाणे. येथे भिजण्यापासून कोणतीच पॅन्ट वाचवत नाही, हे आधी मान्य करावे. प्लॅस्टिकची रेनपॅन्ट बाहेरचे पाणी अडवते, पण घाम आत कोंडते. चढावर तासाभरात माणूस आतूनच भिजतो. त्यामुळे लांबच्या फेरीत रेनपॅन्ट न घालता लवकर वाळणारी कृत्रिम कापडाची शॉर्ट्स घालावी आणि खुशाल भिजावे. कार्यालयाच्या वीस मिनिटांच्या वाटेसाठी मात्र रेनपॅन्ट योग्य. तिला घोट्याशी इलॅस्टिक किंवा वेल्क्रो हवा आणि आत हवा खेळण्याइतकी ती सैल हवी.

पावसाळ्यात खरा उपद्रव रस्त्यावरील चिखलपाण्याचा असतो. मागील चाकावरून उडणारे पाणी थेट सीटवर आणि पॅडमध्ये जाते. त्यातील बारीक वाळू मग सँडपेपरसारखी घासते. दोनशे-तीनशे रुपयांचे मडगार्ड अशा वेळी हजारो रुपयांच्या शॉर्ट्सपेक्षा अधिक काम करते. कोरडी पॅन्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवावी आणि मुक्कामी पोहोचताच बदलावी.

थंडीत आणि घाटात

थंडीच्या दिवसांत नाशिक-निफाड परिसरात पारा एक आकडी होतो. सायकलस्वाराला त्यात वाऱ्याचा मारा सोसावा लागतो. वाऱ्याच्या गारठ्याच्या प्रचलित सूत्रानुसार तापमान ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला जवळपास शून्य अंशाइतका गारठा जाणवतो. उतारावर हा वेग कोणीही सहज गाठतो. गुडघ्यावर स्नायू आणि चरबीचे आवरण कमी, त्यामुळे थंडी तेथे प्रथम जाणवते. पारा १५ अंशांच्या आसपास आला की गुडघे झाकावेत, असा अनुभवी सायकलपटूंचा प्रघात आहे.

यासाठी वेगळी पॅन्ट घेण्याची गरज नाही. नेहमीच्या शॉर्ट्सखाली चढवायचे नी वॉर्मर किंवा लेग वॉर्मर पुरतात. पहाटे निघताना घालावेत, ऊन वर आले की काढून खिशात ठेवावेत. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाणाऱ्याने ते चढताना काढावेत आणि उतरण्यापूर्वी पुन्हा घालावेत. चढावर आलेला घाम उतारावरील वाऱ्यात गार पडतो आणि आखडलेले पाय ऐन वळणावर दगा देतात.

मनाली-लेह मार्गावर जाणाऱ्या मराठी सायकलस्वारांनी ही तयारी आणखी पुढे न्यावी. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते आणि या वाटेवरील तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरहून अधिक उंच आहे. एकाच दिवसात रणरणते ऊन आणि हिमवर्षाव दोन्ही भेटू शकतात. तेथे एका जाड पॅन्टपेक्षा पॅडची शॉर्ट्स, त्यावर लोकरीचे अस्तर असलेली टाइट्स आणि सर्वांत वर वारा अडवणारी पातळ पॅन्ट असे तीन थर उपयोगी पडतात. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते, सुती कपडा टिकवत नाही.

लांब पल्ल्याची परीक्षा

ब्रेव्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या उपक्रमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. इतका वेळ सीटवर बसणाऱ्याने कोणताही नवा कपडा त्याच दिवशी प्रथम घालू नये. आधी ५०, मग १०० किलोमीटरला तो वापरून पाहावा. जांघेत आणि पॅडच्या कडेला मलम लावल्यास घर्षण कमी होते. पेट्रोलियम जेली कृत्रिम कापडातून सहजी धुतली जात नाही, म्हणून पाण्याने निघणारे मलम बरे.

संकोच नको

घरी आल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये बसून चहा-नाश्ता आणि गप्पा करणे ही सर्वांत वाईट सवय. ओलसर, उबदार पॅड हे जंतू आणि बुरशीसाठी उत्तम घर. जांघेत नायटा किंवा गजकर्ण झाल्यास लाजेपोटी औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम आणून लावले जाते. त्यात स्टिरॉइड असल्यास खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरते आणि पुढे औषधांना दाद देईनाशी होते. असे पुरळ, दुखरे गळू किंवा उतरल्यानंतरही टिकणारी बधिरता असल्यास सायकल काही दिवस थांबवून डॉक्टरांना दाखवावे. चांगली शॉर्ट्स घालूनही त्रास होत असेल तर सीटची उंची आणि कल तपासून घ्यावा. सीट जास्त उंच असल्यास कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते आणि घर्षण वाढते.

खरेदी करताना आणि नंतर

* दुकानात केवळ उभे राहून पाहू नये. सायकलवर बसल्यासारखे वाकून, गुडघे वर घेऊन पाहावे. पॅड जागेवरून सरकता कामा नये.
* बसण्याच्या जागी जाड शिवण नसावी. मांडीवरील इलॅस्टिकचा वळ उठू नये.
* एका महागड्या शॉर्ट्सपेक्षा दोन मध्यम किमतीच्या घ्याव्यात. एक वाळत असताना दुसरी वापरता येते.
* प्रत्येक वापरानंतर उलटी करून थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. कापड मऊ करणारे द्रव्य वापरू नये, पिळू नये, पॅडची बाजू वर ठेवून हवेशीर सावलीत वाळवावी.
* कापड विरून पारदर्शक झाले किंवा पॅड दबून चपटे राहू लागले की शॉर्ट्स बदलावी.
* बजेट मर्यादित असल्यास आधी शॉर्ट्स, मग मडगार्ड, त्यानंतर लेग वॉर्मर असा खरेदीचा क्रम ठेवावा.

सायकल किती किमतीची आहे, यावर ती किती दिवस चालवली जाईल हे ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसावेसे वाटले, तरच ती गॅलरीतून रस्त्यावर येते.