हंडा वाहून पदक मिळत नाही : सावरपाड्याच्या कविता राऊतची हकिगत

आज आम्ही एका पळणाऱ्या बाईची हकिगत घेऊन आलो आहोत. नाव तुमच्या कानावरून गेलेलं आहे : कविता राऊत. गाव सावरपाडा, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल भागातलं. पेपरवाल्यांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हटलं आणि तेच नाव पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

तिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘डोंगरातली पोर, डोक्यावर हंडे वाहिलेली. पळणारच ना!’ ऐकायला कौतुकाचं वाटतं. पण आम्हाला एक प्रश्न पडतो. हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी इथल्या कुठल्या पाड्यावर मुली हंडे वाहत नाहीत? चढ चढत नाहीत? मोळी आणत नाहीत? हंड्यानंच पदक मिळत असतं, तर पाड्यापाड्यावर दहा-दहा कविता झाल्या असत्या. तशा झाल्या नाहीत. मग या एकीला काय मिळालं, जे बाकीच्यांना मिळालं नाही? आज तेच शोधू या.

आधी तिची शर्यत समजून घेऊ. कविता गाजली ती १०,००० मीटरच्या शर्यतीत. म्हणजे १० किलोमीटर. मैदानावरची एक फेरी ४०० मीटरची असते, तेव्हा पळायच्या २५ फेऱ्या. मध्ये थांबणं नाही, चालणं नाही. २०१० साली ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या होत्या. तिथं कवितानं ही शर्यत ३३ मिनिटं ५ सेकंदांत पुरी केली. पहिल्या दोघी केनियाच्या, तिसरी आपली कविता. कांस्यपदक.

या कांस्याचं मोल किती होतं, ते सांगतो. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या ट्रॅकवर एकट्याच्या शर्यतीत भारताला त्याआधी पदक मिळालं होतं ते १९५८ साली, मिल्खा सिंग यांना. म्हणजे मध्ये ५२ वर्षं गेली. आणि भारतीय बाईला असं पदक त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. ते पहिल्यांदा आणलं सावरपाड्याच्या लेकीनं.

गोष्ट इथं संपत नाही. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१० मध्ये, चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई स्पर्धा झाल्या. तीच २५ फेऱ्यांची शर्यत. या वेळी कवितानं ती ३१ मिनिटं ५१ सेकंदांत संपवली. केरळची प्रीजा श्रीधरन पहिली आली, कविता दुसरी. दोघींमध्ये एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. त्याच स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कविताला कांस्यही मिळालं.

आता बचत गटाच्या वहीत मांडतो तसा हिशेब मांडू. दिल्लीत तिला एका फेरीला सरासरी ७९ सेकंद लागले. ग्वांगझूत साधारण ७६. फेरीमागे तीन सेकंद वाचले. तीन सेकंद म्हणजे किती? पदर खोचायला लागतात तेवढे. पण २५ फेऱ्यांचे मिळून एक मिनिट आणि वर १४ सेकंद झाले. हवा वेगळी, सोबतच्या पळणाऱ्या वेगळ्या, हे खरंच. तरी एवढी कमाई अंगात आधीच साठलेली असावी लागते. आठवड्याला थोडे थोडे टाकलेले पैसे गरजेच्या वेळी उभे राहतात ना, तसं.

ही साठवण कुठून आली? कविताचा जन्म १९८५ चा. घर आदिवासी, वडील वनखात्यात नोकरीला. शाळेच्या स्पर्धांतून ती पळायला लागली, तीही अनवाणी. पळणं का निवडलं, याचं तिनं सांगितलेलं कारण साधं आहे : या खेळाला काही विकत घ्यावं लागत नाही, बूट नसले तरी पळता येतं. पुढे ती नाशिकला आली आणि भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली सराव करू लागली. दिल्लीचं पदक मिळालं तेव्हा ती २५ वर्षांची होती. शाळेतल्या पहिल्या शर्यतीपासून तिथवरची सगळी वर्षं सरावाची.

मैत्रिणींनो, यात आमच्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ‘नाशिकला आली’ ही आहे. दोन शब्द आहेत, पण त्यांच्यामागे घरातला केवढा निर्णय आहे! पोर हाताशी आलेली. पाणी, शेण, धाकटी भावंडं, लावणीचे दिवस. अशा वेळी तिला गावाबाहेर पाठवायचं, तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी उचलायचं आणि ‘लग्नाचं बघा की’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसायचं. हे एक दिवस करणं सोपं आहे. वर्षानुवर्षं करणं अवघड.

लांबच्या पळण्याला वर्षंच लागतात. शंभर मीटर पळणारीला वीज लागते, दहा किलोमीटर पळणारीला चूल लागते, मंद आणि न विझणारी. रोज पहाटे उठून पळायचं. काही दिवस लांब आणि सावकाश. काही दिवस छोट्या फेऱ्या जोरात, मध्ये थोडा दम खाऊन पुन्हा. एखादा दिवस नुसती विश्रांती. या सगळ्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि पाय दमायचे ते उशिरा दमतात. आणि विश्रांती हा सरावाचाच भाग असतो, कारण अंग बांधलं जातं ते झोपेत. आता सांगा, सकाळी पळून आलेल्या पोरीला आपण लगेच हंडा घेऊन पाठवलं, तर तिची विश्रांती कुठं गेली? हंड्यानं पाय काटक होतात, नाही असं नाही. पण पदकाच्या वाटेवर तोच हंडा आडवाही येतो.

तसंच रक्ताचं. अंगात प्राणवायू पोचवायचं काम रक्त करतं. ज्या मुलीचं रक्त कमी, ती कितीही जिद्दीची असली तरी दहाव्या फेरीला तिचे पाय जड होतात. वयात आलेल्या मुलीचं दर महिन्याला रक्त जातं आणि ताटात मात्र तिला शेवटी वाढलं जातं. डाळ, अंडं, हिरवी पालेभाजी, नाचणीची भाकरी आणि शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, यात खर्चाचं फार काही नाही. फक्त पोरीचं पान पहिल्या पंगतीला मांडायचं.

आता थोडं मागे जाऊ. बाईच्या वाटेत फक्त घरचंच काम आडवं येत होतं असं नाही. मोठमोठ्या साहेबांचे नियमही येत होते. १९२८ साली हॉलंडातल्या ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी ८०० मीटरची शर्यत ठेवली होती. म्हणजे फक्त दोन फेऱ्या. शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या. पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी गिल्ला केला की हे बायकांच्या अंगाला झेपत नाही. खरं तर अंतिम शर्यतीतल्या सगळ्या जणींनी ती पुरी केली होती. तरी पुढे १९६० सालापर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना ती शर्यत मिळाली नाही. बायकांची मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरच्या वरची शर्यत, ऑलिंपिकमध्ये आली ती थेट १९८४ साली. आणि कविताची २५ फेऱ्यांची शर्यत आली १९८८ ला. कविता तेव्हा तीन वर्षांची होती. जन्मली तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर बाईसाठी ही शर्यतच नव्हती.

१९८४ च्या त्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक मिळालं ग्रेटे वाइट्झ या नॉर्वेच्या बाईला. पेशानं ती शाळामास्तरीण. नॉर्वे हा युरोपातला अगदी उत्तरेचा, बर्फाचा देश. तिथं पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून मैलोन् मैल जायचा खेळ आहे, त्याला स्कीइंग म्हणतात. दमाचाच खेळ तो, आपल्या लांबच्या पळण्याचा सख्खा भाऊ. त्या खेळातही पुरुषांना ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून ५० किलोमीटरची शर्यत होती. बायकांना १९५२ साली पहिल्यांदा जागा मिळाली ती १० किलोमीटरची. ५० किलोमीटर मिळायला २०२६ साल उजाडावं लागलं.

याच खेळात मारित ब्योर्गेन नावाची नॉर्वेची खेळाडू होऊन गेली. तीही शहरातली नव्हे, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. तिला ऑलिंपिकमध्ये पहिलं पदक मिळालं २००२ साली आणि शेवटचं २०१८ साली. १६ वर्षांत १५ पदकं! २०१५ च्या शेवटी तिला मुलगा झाला. त्यानंतर ती परत खेळायला उतरली आणि वयाच्या ३७ व्या वर्षी ३० किलोमीटरची शर्यत जिंकली. तिथं गावोगावी खेळाची मंडळं आहेत, ती बरीचशी पालकच चालवतात. पोर खेळते, आईबाप आळीपाळीनं सोबतीला जातात. बाळंतपण झालं म्हणून बाईचं मैदान संपलं असं तिथं कुणी धरून चालत नाही. देश श्रीमंत आहे, हे खरं. पण शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या पोरीला सोबत द्यायला श्रीमंती लागत नाही.

कविताकडे परत येऊ. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ओएनजीसी या सरकारी कंपनीत नोकरी मिळाली. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉन जिंकली, २ तास ३८ मिनिटांत, आणि रिओ ऑलिंपिकचं दार उघडलं. रिओत मात्र तिचा १२० वा नंबर आला. वेळ तीन तासांना काही सेकंद कमी. काही लोकांनी नाकं मुरडली. आम्ही म्हणतो, ४२ किलोमीटर पळून शर्यत पुरी करणारी, वयाची तिशी ओलांडलेली, पाड्यावरची बाई ऑलिंपिकच्या रेघेवर उभी होती, हे विसरू नका. कमाई जशी खरी असते, तशी तूटही खरी असते. दोन्ही एकाच वहीत लिहायची असतात.

त्याच रिओत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. माण म्हणजे दुष्काळाचं गाव-शिवार. आणि कविताच्या मागोमाग आपल्या जिल्ह्यातूनच दिंडोरी तालुक्याची मोनिका आथरे आली. २०१७ साली तिनं दिल्ली मॅरेथॉन जिंकली आणि त्याच वर्षी लंडनला जागतिक स्पर्धेत पळाली. एक वाट पडली की दुसरीला काटे कमी लागतात. विजेंदर सिंगांसारखा जाणता प्रशिक्षक नाशिकला होता, समोर कविताचं उदाहरण होतं, म्हणून पुढच्या मुलींच्या आईबापांना ‘पाठवू का नको’ हे ठरवणं थोडं सोपं गेलं.

म्हणून, मैत्रिणींनो, ‘हंडे वाहिले म्हणून पळाली’ हे वाक्य आता पुरे. ते बोललं की आपण सुटतो. पोर जात्याच काटक, मग आपण काही करायला नको! कविता पळाली, कारण तिला वेळ मिळाला, शिकवणारा मिळाला आणि घरानं तिला जाऊ दिलं.

येत्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. शाळेच्या नाहीतर आश्रमशाळेच्या स्पर्धेत आपल्या गावची कोण पहिली आली, ते विचारा. आठवी-नववीतली असेल. तिच्या आईशी बोला. तालुक्याच्या स्पर्धेला न्यायला घरचं कुणी मोकळं नसेल, तर गटातली एक जण सोबत जा. बुटांना पैसे नसतील, तर गटातून उसने द्या. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन निवासी क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. सरकारी नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव असतात, हेही घरच्यांच्या कानावर घाला. आणि दहावी झाल्यावर स्थळ आलं, तर त्या घरी जाऊन बसा. एकट्या आईचा आवाज दबतो, दहा जणींचा दबत नाही.

त्या पोरीला पदक मिळेलच असं आम्ही सांगत नाही. बहुतेकींना मिळत नाही. पण पंधरा ते वीस ही पाच वर्षं तिची तिला मिळाली, तर ती पळेल, शिकेल, स्वतःच्या पायावर उभी राहील. तेवढी वर्षं तिला देणं आपल्या हातात आहे. आणि तिच्या वाटणीचा हंडा? तो काही दिवस भावाच्या खांद्यावर द्या. त्याचेही पाय काटक होतील.