रामबाग : बडारणीच्या बागेतील राजवाडा

जयपूर म्हटले की मनात प्रथम उभा राहतो तो गुलाबी रंग. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेली ती नगरी, तिचे सरळ रस्ते, हवामहालाची जाळीदार भिंत आणि जंतरमंतरातील प्रचंड यंत्रे यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. परंतु या राज्याच्या अखेरच्या शतकाची कहाणी ज्या वास्तूत साठविलेली आहे, ती कोटाच्या आत नाही आणि तिचा रंगही गुलाबी नाही. ती आहे नगराच्या दक्षिणेस, कोटाबाहेर असलेली रामबाग.

तिचा आरंभ १८३५ सालचा. त्या वर्षी जयपूरचा राजा तिसरा जयसिंग मरण पावला आणि जेमतेम दीड वर्षांचा रामसिंग गादीवर आला. राज्यात मोठी अंदाधुंदी माजली. भर शहरात ब्लेक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. अशा काळात बालराजाचा जीव सांभाळणारे माणूस म्हणजे साधी चाकर नव्हे. जनानखान्यातील दासींना तिकडे ‘बडारण’ म्हणत, आणि त्यांचे वजन केवढे असे, हे रूपा बडारण या दासीने तेव्हाच्या दरबारी राजकारणात जो हात घातला त्यावरून दिसते. केसर बडारण ही त्यांच्यापैकीच एक. कोणी तिला राजपुत्राची दाई म्हणतात, कोणी राणीची विश्वासू दासी. तिच्यासाठी कोटाबाहेरच्या मोकळ्या रानात एक बाग व टुमदार उद्यानगृह बांधण्यात आले. आज ज्याला महाल म्हणतात, त्याचे बीज ते हेच.

१८५६ मध्ये केसर बडारण वारली. घर राजाकडे आले, आणि भोवती दाट झाडी व शिकार विपुल असल्यामुळे रामसिंगाने त्याचा शिकारीच्या मुक्कामासाठी उपयोग केला. बागेला नाव लाभले ते राजाचे. आधीच्या मालकिणीचे नाव मागे पडले.

पुढे माधोसिंगाच्या कारकीर्दीत या घराला राजवाड्याचे रूप आले. त्याचे श्रेय सॅम्युअल स्विंटन जेकब या अभियंत्याला देतात. १८६७ पासून तो जयपूर दरबारच्या बांधकाम खात्यात होता. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने जुन्या इमारतींच्या कमानी, जोती, घोडे, जाळ्या यांची मोजमापे घेऊन रेखाचित्रे करविली आणि १८९० पासून ती मोठ्या संचांच्या रूपाने प्रसिद्ध केली. कारागिरांच्या हाती प्रत्यक्ष नमुने असावेत, हा त्यामागील हेतू. रामबागेत ही दृष्टी दिसून येते. माथ्यावर राजपुती छत्र्या आहेत, ओवऱ्यांना महिरपी कमानी आहेत, उन्हाची तिरीप अडविणारे पुढे आलेले छज्जे आहेत. पण समोर पसरलेली हिरवळ पाहावी तर ती थेट इंग्रजी जमीनदाराच्या वाड्याची. जयपूरचा जुना राजवाडा आत वळलेला, चौकाभोवती बांधलेला. रामबाग बाहेर पाहते. राजाच्या राहणीत पडलेला फरक एवढ्या एका गोष्टीतून कळतो.

सवाई मानसिंग दुसरे यांनी तर पिढीजात राजवाडा समारंभांपुरता ठेवून रामबागेतच संसार थाटला. ते नावाजलेले पोलोपटू. १९४० मध्ये कूचबिहारच्या राजकन्या गायत्रीदेवी येथे महाराणी म्हणून आल्या. त्यांच्या आई इंदिराराजे या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. अठराव्या शतकात मराठी फौजा याच राज्याकडे खंडणीसाठी तगादा लावीत. १७८७ मध्ये तुंग्याच्या रणावर जयपूरकरांनी महादजी शिंद्यांना अडविले होते. त्या जुन्या वैराला हा सोयरिकीचा शेवट चमत्कारिकच म्हणावा.

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते राजस्थान राज्याचे उद्घाटन झाले. मानसिंग राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. पद गेल्यावर एवढा प्रपंच कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडविला : १९५७ मध्ये त्यांनी रामबागेचे हॉटेल केले. गायत्रीदेवींना हे प्रथम मुळीच रुचले नव्हते. परके लोक आपल्या दिवाणखान्यातून हिंडणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. कुटुंब राजमहाल या त्यांच्याच दुसऱ्या वाड्यात गेले. एका काळी तेथे ब्रिटिश रेसिडेंट राहत असे! मानसिंगांचा निर्णय मात्र दूरदृष्टीचा ठरला. १९७१ मध्ये तनखे बंद झाले, तेव्हा रामबाग स्वतःच्या पायांवर उभी होती. १९७२ पासून तिचा कारभार ताज हॉटेलांकडे गेला.

जहागिरी वाड्यांवर हा प्रसंग केवळ हिंदुस्थानातच आला असे नाही. वेल्समध्ये रेक्सहॅम गावाजवळ एर्दिग नावाचा जुना वाडा आहे. तोही खर्च न झेपल्याने १९७३ मध्ये मालकाने नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला. त्या वाड्याची ख्याती दालनांमुळे नाही, तर नोकरांच्या चित्रांमुळे आहे. तेथील यॉर्क घराण्याने अठराव्या शतकापासून आपल्या नोकरचाकरांची चित्रे काढविली आणि त्यांवर पद्येही रचली. सुतार, माळी, दासी अशी माणसे तेथे भिंतींवर आहेत.

रामबागेचे नशीब उलटे. येथील भव्य दालनांना राजांची व राण्यांची नावे शोभतात. केसर बडारण मात्र वास्तूची माहिती सांगताना पहिल्या वाक्यात येते आणि दुसऱ्या वाक्यात नाहीशी होते. मानसिंग १९७० मध्ये इंग्लंडात पोलोच्या मैदानावर निवर्तले. त्यानंतर गायत्रीदेवींनी रामबागेच्याच आवारातील लिलीपूल या लहान घरात मुक्काम केला आणि २००९ मध्ये निधन होईपर्यंत तेच त्यांचे जयपुरातील घर राहिले : राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, बागेतला एक बंगला.