जखमेचा आकडा आणि ‘नाही’

१/ पुणे-सोलापूर महामार्ग इंदापुरातून जातो. तेथील अपघातग्रस्ताची अवस्था केसपेपरवर शब्दांत उतरते. शब्दांवरून गांभीर्य मोजावे कसे?

२/ १९७४ साली अमेरिकेत सुझन बेकर व सहकाऱ्यांनी सूत्र दिले : सर्वाधिक दुखावलेल्या तीन शरीरभागांच्या गुणांच्या वर्गांची बेरीज. डोके ४, छाती ३, पाय २ : १६+९+४=२९. बेरीज १५ च्या वर गेल्यास दुखापत गंभीर.

३/ संगणकाने नोंदी वाचून हे गुण काढायचे, तर नकार कळायला हवा. २००१ साली पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन व सहकाऱ्यांनी त्यासाठी ‘नेगएक्स’ पद्धत रचली, ती इंग्रजीसाठी.

४/ इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, मराठीत शेवटी. ‘बरगडी मोडलेली नाही’ यातला ‘नाही’ निसटला, की नसलेली दुखापत बेरजेत शिरते आणि खरा अत्यवस्थ रुग्ण मागे पडू शकतो. बारामती-इंदापूरच्या मराठी नोंदी वाचणाऱ्या यंत्राला वाक्य शेवटपर्यंत वाचता आलेच पाहिजे.