पाव मैलाची कसोटी

शर्यत म्हटली की वळणे, चढउतार आणि लांबचा पल्ला डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या ‘ड्रॅग रेस’मध्ये यांतले काहीच नसते. सरळ रस्ता, शेजारी-शेजारी उभ्या दोन मोटारी आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट अंतर. काही सेकंदांत सारा खेळ आटोपतो. या खेळाचा इतिहास लोक इंजिनांवरून सांगतात. मला मात्र तो गियरबॉक्समध्ये अधिक स्पष्ट दिसतो. इंजिनाने कमावलेला जोर चाकांपर्यंत वाहून नेणारा हमाल तोच, आणि पुष्कळदा ओझ्याखाली मोडणाराही तोच!

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात हा खेळ रुजला. १९५० साली सांता आना येथे विमानांच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. हौशी तरुणांचे खिसे हलके असत. ते जुन्या मोटारींच्या भंगारात शिरत आणि १९३७ च्या सुमाराच्या ला साल किंवा कॅडिलॅक गाड्यांचे तीन गतींचे गियरबॉक्स शोधून आणीत. त्यांचा हिशेब सरळ होता: जे अवजड गाडी ओढण्यासाठी घडवले, ते हलक्या गाडीत सहजासहजी दगा देणार नाही.

पण टायर रुंद व मऊ झाले आणि हिशेब बदलला. पूर्वी चाके जागच्या जागी फिरत, घसरत. त्या घसरण्यातच धक्क्याचा बराच भाग जिरून जाई. आता टायर रस्ता घट्ट धरू लागले. भरधाव फिरणाऱ्या इंजिनावर क्लच एकदम सोडला की सारा तडाखा गियरच्या दात्यांवर बसे.

बोर्ग-वॉर्नर कंपनीचा चार गतींचा टी-१० हा गियरबॉक्स १९५७ साली कॉर्व्हेट मोटारीत आला. १९६३ साली जनरल मोटर्सने आपला मन्सी गियरबॉक्स आणला, तर १९६४ साली फोर्डने ‘टॉपलोडर’ आणि क्रायस्लरने ए-८३३. टॉपलोडरचे झाकण बाजूला नसून वर होते. त्यामुळे पेटीच्या दोन्ही भिंती अखंड राहिल्या आणि ती ताणाखाली कमी वाकू लागली.

मन्सीच्या एम-२२ या प्रकाराची गोष्ट मला विशेष बोधप्रद वाटते. गियरचे दाते तिरपे कापले की ते शांतपणे फिरतात. पण त्या तिरपेपणामुळे दांड्यावर बाजूने रेटा येतो आणि पेटी फाकू पाहते. एम-२२ मध्ये दात्यांचा तिरपेपणा कमी केला. रेटा घटला, आवाज मात्र वाढला. त्या घरघरीमुळे लोकांनी त्याला ‘रॉक क्रशर’, म्हणजे खडी फोडणारे यंत्र, असे नाव ठेवले. आपल्याकडच्या पुष्कळ मोटारी मागे घेताना जो किनरा आवाज येतो, तोही सरळ दात्यांचाच. टिकाऊपणाचे मोल शांततेने चुकवले, ते असे!

पण पेटी मजबूत म्हणजे माणूस सुरक्षित, असे नव्हे. त्या काळच्या वेगवान ड्रॅगस्टरमध्ये चालक इंजिनाच्या मागे बसे आणि गियरबॉक्स त्याच्या दोन पायांमध्ये येई. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स मैदानावर डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीतला दोन गतींचा गियरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला. बरा होत असताना त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी मनाशी आखली आणि १९७१ च्या आरंभीच तिच्यासह पोमोना येथे विजय मिळवला. पुढे वेगवान गाड्यांच्या गियरबॉक्सभोवती संरक्षक कवच घालण्याचा दंडक आला.

टिकाऊ गियरबॉक्स कोणता, या प्रश्नाला म्हणूनच एका नावाचे उत्तर नाही. गाडीचे वजन किती, टायरची पकड किती आणि चालकाचा हात कसा, हे आधी पाहावे लागते. गियरबॉक्स पक्का केला की धक्का पुढे सरकतो आणि मागचा ॲक्सल मोडतो. मला वाटते, चांगला मिस्त्री ‘हे मोडेल का?’ एवढेच विचारून थांबत नाही. ‘मोडलेच, तर कुठे मोडेल, आणि तिथे कुणाचा पाय असेल?’ हेही तो विचारतो.