दंडारीचे पाहुणे

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, म्हणजे पांढरकवडा, झरी, मारेगाव या भागात, कोजागरी उलटली की गोंड-कोलामांच्या पोडांवरून वाद्यांचा आवाज येऊ लागतो. दंडारी सुरू झाली म्हणायची. झाडीपट्टीत दंडार नावाचे लोकनाट्य आहे, ते वेगळे. ही दिवाळीपर्यंत चालणारी नाचाची दंडारी. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे तिचा थाट अधिक. पण नदी ही सरकारी नकाशातली सीमा, सोयरिकी तिला कुठे जुमानतात?

या नाचातला मानकरी म्हणजे घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, गळ्यात माळा, हातात सोटा. एरवी गावातलाच शेतकरी किंवा मजूर, पण त्या दिवसांत त्याच्या अंगी देव आहे असे मानतात. तो थट्टा करतो, पोरांना भिववतो, आणि कोणी रागवत नाही.

मात्र खरी गोष्ट नाचाहून वेगळी आहे. दंडारी आपल्याच अंगणात नाचून संपत नाही, ती दुसऱ्या गावाला पाहुणी म्हणून जाते. यजमान गाव वेशीवर सामोरे येते, पंगत घालते, रात्र जागवते. पोरापोरींची लग्ने इथेच बोलली जातात. मोहाची दारूही असते. पण पहिली धार देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर, मग माणसांना.

गंमत अशी की इंग्लंडातही असेच आहे. तिथे मॉरिस नावाचा नाच आहे, पायांना घुंगरू, हातात रुमाल किंवा काठ्या. गावच्या दारूगुत्त्यासमोर नाचायचे आणि मग आत जाऊन बिअर प्यायची, हा रिवाज. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीत काही मजूर नाचत होते. खरे तर तो हंगाम नव्हे, पण थंडीने बांधकामे बंद पडली होती, चार पैसे हवे होते. सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने ते पाहिले, विल्यम किंबर या वादकाला दुसऱ्या दिवशी बोलावून चाली उतरवून घेतल्या, आणि पुढे त्या देशभर गेल्या. तिकडच्या मजुराचा पेला मात्र कोणी गुन्हा ठरवला नाही.

इकडे काय झाले? इंग्रजांनी दारू गाळण्याचा हक्क ठेकेदाराला विकला, आणि घरी मोहफुले गाळणारा गुन्हेगार झाला. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात नुसती मोहफुले बाळगण्यावरही बंधने आली. आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. हेतू चांगला होता, हे मान्यच. पण सरकारमान्य दुकानातली बाटली आणि देवापुढची धार यांत फरक करणारे कलम कोणी लिहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर दारूची बाजू घेतात. मुळीच नाही. शेजारच्या वर्ध्यात बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. आमच्या जिल्ह्यातल्या बायांनीही दारूबंदीसाठी मोर्चे काढले, आणि त्यांचे दुःख खरे आहे. मजुरी संध्याकाळी दुकानात जाते, घरी मारहाण येते. परंतु ती दारू रोजची, एकट्याची, उधारीची. दंडारीतली वर्षाकाठची, साऱ्या गावासमोरची. दोन्ही एकाच मापाने मोजली की पहिली सुटते आणि दुसरी पकडली जाते.

१९४० मध्ये कोमराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजामाच्या सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवले. तो मारलवाईत राहिला, आणि त्याच्या लिखाणात दंडारीही आली. त्याच मारलवाईच्या कनक राजू यांना २०२१ मध्ये घुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. आनंदाचीच गोष्ट. पण सरकारी मंचावर दहा मिनिटे मिळतात, समोर खुर्च्या असतात. वेशीवर सामोरे येणारे गाव तिथे नसते, पंगत नसते, आणि परतफेडही नसते.

पोडावर दिवाळीच्या अवसेनंतर टोप उतरतात. यंदा ज्यांच्या घरी जेवलो, त्यांना आपल्याकडे बोलावणे तेवढे बाकी राहते.