बीडची पोथी आणि ज्ञानेश्वरीतील कथनवलये

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली. तिची पोथी त्यांना बीडच्या पाटांगणावर मिळाली होती. ही पोथी एकनाथपूर्व आहे असे त्यांनी प्रतिपादले आणि तिचा संबंध मुकुंदराजाशी जोडला. तिच्याच आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण सिद्ध केल्यामुळे पुढील वाद प्रायः भाषेच्या प्राचीनतेपुरता राहिला. कथनरचनेच्या दृष्टीने या पोथीने उपस्थित केलेला प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. एकात एक सामावलेल्या जगांनी घडलेल्या ग्रंथात सर्वांत बाहेरचे जग कोठे संपते, हा तो प्रश्न होय.

गीता ही मुळातच एका दीर्घ कथनव्यूहाच्या गाभ्यात आहे. कृष्ण अर्जुनाला सांगतो; ते संजय धृतराष्ट्राला सांगतो; ते सारे जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन सांगतो; आणि वैशंपायनाचे कथन नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींपुढे मांडतो. ज्या व्यासाची ही रचना, तो या कथेतले एक पात्र असून संजयाला दिव्यदृष्टी देणाराही तोच आहे. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन. म्हणजे धृतराष्ट्र गीता ऐकतो तेव्हा युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले असतात. हा कालभेद बहुतेक वाचकांच्या ध्यानातही राहत नाही.

ज्ञानेश्वर या व्यूहाभोवती आणखी एक वलय आखतात: नेवाशाची श्रोतृसभा, गुरू निवृत्तिनाथ आणि लेखक सच्चिदानंदबाबा. पण त्यांचे वैशिष्ट्य नवे वलय आखण्यात नाही. वलयांमधल्या भिंती ते झिरपत्या करतात, हे अधिक महत्त्वाचे आहे. नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले जाते. त्याच अध्यायाच्या शेवटी, पुराच्या पाण्यात निवांत बसलेल्या म्हशासारखा धृतराष्ट्र संजयाला दिसतो. संजय स्वतः मात्र अष्टसात्त्विक भावांनी इतका भरून येतो की त्याचे निवेदनच थांबू पाहते. मूळ गीतेच्या नवव्या अध्यायात संजय एक शब्दही बोलत नाही. येथे त्याचा देह, त्याचा कंप, त्याची अडखळणारी वाणी हाच कथेचा विषय होतो, आणि अवधान देणारा श्रोता व न देणारा श्रोता नेवाशाच्या सभेपुढे उभे राहतात. आपण कोणत्या बाजूचे, हे त्या सभेला ठरवावे लागते.

जेरार जेनेत यांनी 1972 मध्ये कथनस्तरांच्या अशा उल्लंघनाला स्वतंत्र संज्ञा दिली. त्याआधी बोर्हेस यांनी एका निबंधात, राम आपलीच कथा कुशलवांच्या तोंडून ऐकतो या रामायणातील प्रसंगाकडे लक्ष वेधले होते. कथेतील पात्र श्रोता होऊ शकत असेल तर श्रोतेही काल्पनिक असू शकतील, हे त्यांचे भय. ज्ञानेश्वरीत स्तर ओलांडले जातात, पण हे भय तिथे नाही. अकराव्या अध्यायात एका देहात अनंत विश्वे दिसतात तेव्हा अर्जुन भयभीत होतो खरा. पण सभेला तोच प्रसंग रसाचा सोहळा म्हणून सांगितला जातो. आतल्या जगातले भय बाहेरच्या जगात आनंद होऊन येते. पाश्चात्त्य संज्ञा जशीच्या तशी लावणारी समीक्षा हा फरक गमावते.

आता एकनाथ. प्रचलित प्रतींच्या शेवटी त्यांच्या ओव्या आहेत. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एका जनार्दनाने ग्रंथ शुद्ध केला असे त्या सांगतात, आणि यापुढे जो कोणी ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे बजावतात. भर घालू नका असे सांगणारी ही स्वतःच भर आहे! ग्रंथाची सीमा राखणारा राखणदार सीमेच्या आत उभा राहून बोलतो. संजय, ज्ञानेश्वर आणि सच्चिदानंदबाबा यांच्या मालिकेत एकनाथही असा एक निवेदक होऊन बसतात.

राजवाडे संहितेत हे वलय नाही, आणि तिचे मोल राजवाड्यांना यातच दिसले. बाहेरचा थर उतरवला की मूळ हाती येते, ही त्यांची श्रद्धा होती. पण एकनाथांचे वलय गळताच मुकुंदराजाचे नाव पुढे येते. विवेकसिंधूकार मुकुंदराजाची समाधी याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला दाखवतात. विवेकसिंधूचा परंपरागत शक 1110, ज्ञानेश्वरीचा 1212. तो शक खरा मानला तर विवेकसिंधूकार ज्ञानेश्वरीचा लेखनिक असू शकत नाही. लेखनिक मानला तर शक सोडावा लागतो. एकनाथांच्या वलयावर निदान स्पष्ट मिती होती. त्याच्या जागी आलेले हे नाव आख्यायिकेच्या जगातले आहे. पुढे महाराष्ट्र शासनानेही राजवाडे संहिता प्रकाशात आणली, आणि संपादकांच्या प्रस्तावनांचे आणखी एक वलय तिच्याभोवती आले.

बीडची मूळ पोथी आज अभ्यासकांपुढे नाही. तिचे वय, तिचे हस्ताक्षर, तिचा लेखनिक यांविषयी जे सांगितले जाते ते राजवाड्यांच्या शब्दांतून. आणि युद्ध न पाहिलेल्या धृतराष्ट्राप्रमाणे पोथी न पाहिलेला अभ्यासक ते ऐकतो.